जुन्या कार्टूनमधली तोंड न दिसणारी बाई आणि शाळेतलं झिंगालाला

सोलापुरातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी दुसरीत, मुलगा सहावीत. घरी जुन्या ‘टॉम अँड जेरी’चे भाग सुट्टीत रोज चालतात. त्यात जाड पायांची, चपला घातलेली एक काळी बाई येते, टॉमला झाडूने बडवते, पण तिचं तोंड कधी दिसत नाही. ‘ही कोण? हिला तोंड का नाही?’ असं मुलीने विचारलं. कार्टूनच्या आधी एक इंग्रजी सूचना येते, तिचा अर्थही आईला नीट लागला नाही. तिकडे मुलाच्या वर्गाने स्नेहसंमेलनासाठी ‘झिंगालाला’ नाच बसवलाय. अंगाला काळा रंग, कमरेला पाला, हातात भाला. तालमीत एका सावळ्या मुलाला कुणीतरी म्हणालं, ‘तुला काय, रंग लावायची गरजच नाही.’ तो मुलगा आता तालमीला येत नाही. तर हे सगळं बंद करावं, की आपणच उगाच बाऊ करतोय, असं आईने विचारलंय.

ताई, बाऊ अजिबात नाही. तुमच्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं कार्टून आणि मालिकांच्या डबिंगसाठी हिंदी-मराठी संवाद लिहितेय, आणि सोलापुरात मुलांची नाट्यशिबिरं घेते. दोन्हीकडे हाच विषय रोज हाताखालून जातो: एखादं पात्र कुठल्या रंगाचं, प्रांताचं, जमातीचं आहे हे प्रेक्षकाला पटकन कळावं म्हणून आपण त्याला काय काय चिकटवतो, आणि ते चिकटवलेलं मग खऱ्या माणसांच्या अंगावर कसं राहतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती बाई. ‘टॉम अँड जेरी’चा पहिला भाग १९४० सालचा, आणि ती त्या भागापासून आहे. पात्राचं नाव मॅमी टू शूज. आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा, पण श्रेयनामावलीत तिचं नाव नसायचं. तोंड न दाखवण्याला कार्टूनच्या धंद्यातलं एक साधं कारण होतं: गोष्ट मांजर आणि उंदराच्या उंचीवरून चालते, त्यांना माणसाचे पायच दिसणार. मुलीला पहिलं उत्तर हेच द्या, ते खरं आहे. पण एवढ्यावर थांबू नका. कारण याच मालिकेत १९५६ साली बाळ सांभाळणारी एक गोरी मुलगी आली, फोनवर गप्पा मारणारी, आणि तिचा चेहरा व्यवस्थित दिसतो. मांजराची उंची तेव्हाही तीच होती.

‘मॅमी’ हा अमेरिकेतला फार जुना ठसा. लठ्ठ, तोंडाळ, भोळी, गोऱ्या मालकाच्या घरावर जीव टाकणारी कृष्णवर्णीय मोलकरीण. तिला स्वतःचं घर नाही, नवरा नाही, मुलं नाहीत, स्वतःची संध्याकाळ नाही. गुलामगिरी म्हणजे काही वाईट नव्हतं, घरच्यासारखंच होतं सगळं, असं गोऱ्या माणसांना स्वतःला पटवायला हा ठसा फार सोयीचा होता. १९३९च्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये हॅटी मॅक्डॅनियलने असं पात्र केलं आणि तिला ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. त्या समारंभात तिला सिनेमातल्या बाकीच्या कलाकारांसोबत बसू दिलं नव्हतं, बाजूला वेगळं टेबल मांडलं होतं. मुलगा सहावीत आहे ना, त्याला ही गोष्ट सांगा. त्या वयाला अन्याय फार लवकर कळतो.

आता एक भाग तुम्ही मुद्दाम शोधून बघा. १९५० सालचा आहे. शनिवारी संध्याकाळी ही बाई दागिने घालून, नटूनथटून मैत्रिणींकडे पत्ते खेळायला जाते आणि मागे टॉम घरात मित्रांना बोलावून गोंधळ घालतो. तिला स्वतःचं आयुष्य आहे असं स्पष्ट दिसतं ते या भागात, आणि शेवटी ती चिडून धावत येते तेव्हा क्षणभर तिचा चेहराही पडद्यावर येतो. पुढे १९६०च्या दशकात हे भाग अमेरिकन टीव्हीवर दाखवायचे ठरले तेव्हा काही भागांत तिला पुसून तिच्या जागी दुसरं पात्र नव्याने चितारलं. या भागातही तसंच झालं, तिच्या जागी नाचायला जाणारी सडपातळ गोरी तरुणी आली. इतर काही भागांत पाय तसेच ठेवले, आवाज मात्र बदलून आयरिश धाटणीचा केला. १९९०च्या दशकात पुन्हा एकदा नवीन डबिंग झालं, तेव्हा थिया व्हिडाल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने आवाज दिला आणि मूळची मोडकीतोडकी बोली बरीच साफ केली.

मला यातलं पुसणं पटत नाही. ठसा वाईट होता म्हणून माणूसच काढून टाकला, तिच्या जागी गोरी बाई बसवली, तर अन्याय दुप्पट झाला. लिलियन रँडॉल्फचं काम गेलं, आणि असं काही घडलं होतं याचा पुरावाही गेला. म्हणून कार्टूनच्या आधी येणारी ती सूचना मला योग्य वाटते. वॉर्नर ब्रदर्सच्या सूचनेचा मतलब एवढाच असतो: हे चित्रण तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे, पण ते लपवलं तर असं काही नव्हतंच असं म्हटल्यासारखं होईल. डिस्नेनेही २०२० पासून ‘डम्बो’, ‘पीटर पॅन’ अशा जुन्या चित्रपटांआधी अशीच सूचना टाकली. ती पुढे पळवू नका. मुलांना मराठीत वाचून दाखवा.

इथे घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अहो, तेव्हाचा काळच तसा होता, कुणाला काही खटकायचं नाही.’ हे खरं नाही. ‘अमॉस अँड अँडी’ नावाची मालिका १९२८ पासून रेडिओवर होती. दोन गोरे पुरुष कृष्णवर्णीय माणसांची नक्कल करत. १९५१ साली ती टीव्हीवर आली, तिथे कृष्णवर्णीय कलाकार घेतले, पण माणसं तीच: आळशी, बावळट, लबाड. नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने त्याच वर्षी जाहीर विरोध केला. मालिका १९५३ला थांबली, पुनर्प्रसारण मात्र १९६६पर्यंत चालू राहिलं. मॅमीबद्दलही तक्रारी होतच होत्या, आणि १९५२ नंतर ती नव्या भागांत दिसत नाही. म्हणजे खटकत होतं. ज्यांना खटकत होतं त्यांच्या हातात स्टुडिओ नव्हता, एवढाच फरक. आणि त्याच काळात वेगळं करणारेही होतेच. १९६६च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये निशेल निकल्स अवकाशयानावरची अधिकारी झाली. ती मालिका सोडायला निघाली होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी ‘तू तिथे असणं महत्त्वाचं आहे’ असं समजावून तिला थांबवलं, हे तिने पुढे अनेकदा सांगितलंय.

मग असे ठसे एवढे का चालले? यात आमच्या धंद्याचा वाटा मोठा आहे. जुनी कार्टून मुळात थिएटरात सिनेमाच्या आधी दाखवायला केलेली, सहा-सात मिनिटांची. एवढ्या वेळात पात्राची ओळख, भांडण, पाठलाग आणि शेवट बसवायचा. ओळख करून द्यायला वेळच नसतो, म्हणून प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच बसलेली आकृती उचलायची. फेटा आला की हिंदुस्थानी. मोठी टोपी आणि झोपाळू चाल आली की मेक्सिकन. पुढे टीव्हीला रोज तासनतास भरायला माल हवा होता, तेव्हा हीच कार्टून गठ्ठ्याने विकली गेली. टर्नर कंपनीने १९८६ साली ‘टॉम अँड जेरी’ काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओचा जुना साठा घेतला, त्यातून कार्टून नेटवर्क निघालं, ते १९९५ साली भारतात आलं, आणि १९४०च्या अमेरिकेतल्या गोऱ्या प्रेक्षकाला हसवायला केलेली गोष्ट आपल्या नव्या पेठेतल्या, अशोक चौकातल्या घरांत केबलवरून पोचली. सोबत तिचा इतिहास आला नाही. आपण नुसतं हसलो. त्यात तुमची-माझी चूक नाही, पण आता माहीत झालंय तर मुलांना सांगायला हवं.

एक गोष्ट तर आपल्याकडे कुणाच्या लक्षातच येत नाही. सुरुंग फुटतो, टॉमचं तोंड काळं होतं, ओठ जाड होतात, डोक्यावर केसांच्या शेंड्या रिबिनी बांधल्यासारख्या उभ्या राहतात. आपल्याला ती काजळी वाटते. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला ती सरळ ओळखीची नक्कल होती. साधारण १८३०पासून तिथे गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ रंगवून कृष्णवर्णीयांची नक्कल करत गावोगाव खेळ लावायचे. त्यातल्या एका गाजलेल्या पात्राचं नाव जिम क्रो. पुढे कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून वेगळं बसवणाऱ्या, वेगळ्या शाळेत घालणाऱ्या कायद्यांना लोक याच नावाने ओळखू लागले. ‘डम्बो’मधल्या कावळ्यांच्या म्होरक्याचं नावही निर्मितीच्या वेळी हेच होतं आणि त्याला आवाज गोऱ्या नटाचा होता. ब्रिटनमध्ये तर तोंड काळं केलेल्या गायकांचा कार्यक्रम १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षं बीबीसीवर होता, १९६७ साली तो बंद करा म्हणून अर्ज दिला गेला तरीही.

आणि १९५१ सालच्या एका भागात जेरी काजळी लावून ‘नरभक्षक’ बनतो, टॉमला कढईत घालायला निघतो, मग खरे नरभक्षक येतात. पाल्याचे घागरे, भाले, नाकात हाड. तुमच्या मुलाच्या वर्गाचा झिंगालाला नाच तिथूनच आलाय, हिंदी सिनेमाच्या वाटेने. आफ्रिकेतल्या कुठल्या जमातीचा तो नाच नाही, आपल्याकडच्या वारली, कोलाम, भिल्ल, पारधी कुणाचाही नाही. ज्यांनी आफ्रिका ताब्यात घेतली त्यांनी तिथल्या माणसाचं जे चित्र रंगवलं, ते चित्र आपण सहावीच्या मुलांना घालून स्टेजवर नाचवतो आणि पालक टाळ्या वाजवतात.

हे परक्यांचं झालं. आपल्या लोकांचं काय केलं तेही मुलांना दाखवण्यासारखं आहे. १९६४च्या ‘जॉनी क्वेस्ट’मध्ये कलकत्त्याचा हाजी नावाचा मुलगा होता. डोक्याला फेटा, हातात जादूटोणा. तरी तो हुशार होता, नायकाच्या बरोबरीने वागायचा, त्या काळाच्या मानाने हे पुष्कळ. आणि मग ‘द सिम्प्सन्स’मधला अपू. १९९० साली आला. दुकानदार, अतिशय कष्टाळू, डॉक्टरेट झालेला, प्रेमळ. आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. निर्माते म्हणायचे, आम्ही सगळ्यांचीच चेष्टा करतो, आणि अपू तर गावातल्या पुष्कळांपेक्षा शहाणा आहे. ते खोटं नव्हतं. पण अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या भारतीय मुलांना टीव्हीवर आपल्यासारखं दुसरं माणूस दिसत नसे. एकच अपू, आणि त्याचा तो हेल. कुणी तो हेल काढून दाखवला की वर्गात पोरगं गप्प. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने २०१७ साली यावर माहितीपट केला, अझारियाने २०२० साली तो आवाज सोडला आणि पुढच्या वर्षी माफीही मागितली. पात्र चांगलं की वाईट एवढ्यावर भागत नाही, ते एकटं आहे का हे बघावं लागतं. होमर सिम्प्सन आळशी आहे म्हणून कुणी गोऱ्या माणसांना आळशी ठरवत नाही, कारण दुसऱ्या चॅनेलवर गोरा डॉक्टर, गोरा पोलीस, गोरा राष्ट्राध्यक्ष आहेच.

उलट बाजूही सांगते. स्पीडी गोन्झालेस हा चपळ मेक्सिकन उंदीर कार्टून नेटवर्कने १९९९च्या सुमारास दाखवणं बंद केलं, ठसेबाज आहे म्हणून. तेव्हा अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांनीच तो परत मागितला, आणि २००२ साली तो परत आला. त्यांना तो आवडायचा, कारण तो हुशार होता आणि दर वेळी जिंकायचा. त्याच्याभोवतीचे सुस्त उंदीर आक्षेपार्ह होते हेही खरंच. म्हणून मी कधी सरसकट ‘बंद करा’ म्हणत नाही. ज्याची नक्कल झाली त्याला आधी विचारा.

आता माझ्या कामातलं सांगते. डबिंगमध्ये संवाद ओठांवर बसवावे लागतात. मूळ पात्राचे ओठ ‘प’, ‘ब’, ‘म’ला मिटतात तिथे आपल्याही वाक्यात तसलं अक्षर आणायचं, तोंड उघडं असेल तिथे स्वर. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य पुष्कळदा लांब पडतं किंवा तोकडं. तोकडं पडलं की भरायला काहीतरी हवं. आणि इथे ‘अय्यो’ येतं. तोंड उघडं आहे तिथे कुठेही बसतं, लांबवता येतं, आणि प्रेक्षक हसतो. एकदा ‘अय्यो’ घातलं की पात्र आपोआप ‘मद्राशी’ होतं, मग त्याच्या तोंडी ‘जी’ येतं, ‘यंडुगुंडु’ येतं. एका परदेशी मालिकेत एक गबाळा कावळा होता. मागणी आली, याला साऊथचा लहेजा द्या, मजा येईल. मी म्हटलं, तो कावळा घाबरट आहे आणि प्रत्येक गोष्ट मोजत बसतो, त्यातून मजा काढू. त्याला मी संख्या दिल्या. ‘एक दार, दोन खिडक्या, तीन कुत्री... तीन कुत्री?!’ ओठ बसले, मुलं हसली. हाच माझा कस आहे आणि तुम्हीही घरी वापरू शकाल: पात्राची बोली काढून घेतली तर विनोद उरतो का? उरला तर पात्र माणूस आहे. काहीच उरलं नाही तर तिथे त्या बोलीच्या माणसांना हसण्याखेरीज दुसरं काही चाललेलं नव्हतं.

दुसरं बघायचं ते म्हणजे ज्याला बोलीच नाही असं पात्र कोणतं. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९७९ ‘माइंड युवर लँग्वेज’ ही मालिका चालली. परदेशी विद्यार्थ्यांचा इंग्रजीचा वर्ग. त्यात पाकिस्तानी अली, शीख रणजित, एक भारतीय गृहिणी, जपानी, इटालियन, सगळे. सगळ्यांचे उच्चार हास्यास्पद. फक्त इंग्रज मास्तर सरळ बोलतो, तो ‘नॉर्मल’. ठसेबाजपणामुळे ती त्या चॅनेलच्या वरिष्ठांनीच बंद केली. १९९३ साली दूरदर्शनवर तिच्यावर बेतलेली ‘जबान संभालके’ आली. पंकज कपूर हिंदीचे मास्तर, टॉम ऑल्टर इंग्रज विद्यार्थी, आणि विजू खोटे विठ्ठल बापूराव पोटे. म्हणजे आपण. मराठी घरांत ती मालिका आवडीने बघितली गेली, मलाही आवडायची, विजू खोट्यांची वेळ साधण्याची हातोटी विलक्षण होती. तरी मुलांबरोबर बघताना विचारा की यात कुणाचं बोलणं चुकीचं ठरत नाही. हिंदीवाल्या मास्तरांचं. आणि पुढच्या हिंदी मालिकांमध्ये मराठी बोलणारी बाई बहुतेक वेळा भांडी घासायलाच येते, कमरेला पदर खोचून, ‘अगं बाई’ करत, आणि तिचं घर कधी दिसत नाही. मॅमी समजावून सांगायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. मुलांना ते लगेच कळतं, थोडं लागतंही.

सोलापूरच्या मुलांना तर हे दोन्ही बाजूंनी कळू शकतं. पुण्यात गेलं की आपल्या ‘काय करलालास बे’वर लोक हसतात. इथे आपण पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मुलाच्या मराठीवर हसतो, कानडी हेलावर हसतो, मुसलमान मित्राच्या ‘नक्को’वर हसतो. पद्मशाली समाज पिढ्यान्‌पिढ्या इथे आहे. आपण अभिमानाने पाहुण्यांना देतो ती सोलापुरी चादर त्यांच्याच मागांवर विणली गेली, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा अर्धं शहर रस्त्यावर असतं. इंग्रजांनी १९३०ला सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या खटल्यात १२ जानेवारी १९३१ला फासावर गेलेले चौघे हुतात्मे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. चार नावं, चार घरांतल्या वेगवेगळ्या बोली. तरी बालनाट्याची संहिता हातात आली की त्यात तेलुगू माणूस लुंगीवाला अण्णाच असतो आणि नेपाळी माणूस ‘शाबजी’ म्हणणारा गुरखाच.

याहून कडक गोष्ट सेटलमेंटची. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. तशी मोठी वसाहत सोलापुरात होती, आजही तो भाग सेटलमेंट नावानेच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, माणसं विमुक्त झाली. पण गुन्ह्यांच्या मालिकांत दरोडेखोर दाखवायचे तर आजही कपडे, दागिने, बोली कुणाची उचलतात ते बघा. माझ्या शिबिरात त्या वस्तीतली मुलं येतात. चोर-पोलीस नाटुकल्यात त्यांना कुणी चोर व्हायला सांगितलं की ती ज्या तऱ्हेने खाली बघतात, त्यानंतर ‘अहो, गंमत आहे’ असं म्हणणं मला जमत नाही.

आता घरी काय करायचं. दुसरीतल्या मुलीला नरभक्षकांचा भाग आणि तसलेच दोन-तीन भाग दाखवू नका. त्या वयाला चित्र राहतं, समजावणी राहत नाही. केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. पुष्कळ कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली, काळी वाईट असं सांगितलं. तीन ते सात वर्षांची मुलं होती ती, त्यांना कुणी बसवून शिकवलं नव्हतं. मॅमीचे भाग चालतील, पण सोबत बसून. ‘हिचं नाव काय असेल? ही संध्याकाळी कुठे जात असेल?’ एवढं विचारलं तरी पुरे. भाषण नको.

सहावीतल्या मुलासाठी मी शिबिरात करते तो खेळ सांगते. भाग लावायचा, आवाज बंद करायचा, आणि मुलांनी त्या बाईचे संवाद लिहायचे. अट एकच, तिला नाव द्यायचं आणि तिच्या बोलीची चेष्टा करायची नाही. सुरुवातीला मुलं तेच लिहितात, ‘ए मांजरा, थांब, बघतेच तुला.’ मग थोडा वेळ दिला की बदल होतो. विडी घरकुलातल्या एका मुलीने लिहिलं होतं: ‘उंदीर पकडायचं काम तुझं, फरशी पुसायचं माझं. तू नाही पकडलास तरी दूध मिळतं. मी एक दिवस नाही आले तर पैसे कापतात.’ मुलीची आई विड्या वळते. तिने हे वाचलं तेव्हा खोलीतली मुलं मनापासून हसली, कारण ते खरंच विनोदी होतं, आणि त्या पायांना पहिल्यांदाच तोंड आलं होतं. तुमचा मुलगा हे घरी बहिणीबरोबर करू शकेल. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, मूळ भागासोबत लावून ऐका.

झिंगालालाचं मात्र लगेच बघा, संमेलन तोंडावर असेल. वर्गशिक्षकांना एकट्याने भेटा, पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे टाकलं की बाजू पडतात आणि शिक्षकांना मागे येता येत नाही. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो, दर वर्षी होतो म्हणून हाही नाच होतो. त्यांना सांगा की एक मुलगा या रंगामुळे येईनासा झालाय, एवढं कारण पुरेसं आहे, इतिहास सांगायची गरज पडणार नाही. जाताना पर्याय घेऊन जा, नुसता नकार नको. मुलांना त्या नाचात आवडतं ते ढोल, उड्या, आरोळ्या आणि रांगेने फिरणं. ते सगळं आपल्या सांगोल्याकडच्या गजी नृत्यात आहे, ढोलावरचं, दमछाक करणारं. शिकवणारी माणसं जिल्ह्यात आहेत, आणि ते नाचणारे त्याला आपलं म्हणतात. आदिवासी नृत्यच हवं असेल तर वारल्यांचं तारपा नृत्य बसवा, पण मग तारप्याचा आवाज ऐकवा, ते कुठल्या दिवसांत करतात ते निवेदनात सांगा, आणि तोंडाला रंग नको.

त्या मुलाकडे तुमच्या मुलाला पाठवा, तुम्ही जाऊ नका. मोठं माणूस समजूत काढायला आलं की लाज वाढते. मुलाने जाऊन एवढंच सांगावं, ‘नाच बदललाय, रंग नाहीये, उद्या तालमीला ये, ढोलाला माणूस कमी आहे.’ आणि ज्याने ते वाक्य टाकलं त्याला सगळ्यांपुढे उभं करून माफी मागायला लावू नका, शिक्षकांनी बाजूला घेऊन बोलावं.

काळ्या रंगाचे आणि पाल्याच्या घागऱ्यांचे पैसे आधीच गोळा झाले असतील तर ते ढोल आणि हलगीच्या भाड्याला वापरता येतील. तालीम तिन्हीसांजेला न ठेवता सकाळी ठेवा म्हणजे शेजारपाजारचे ढोलावरून भांडणार नाहीत. गजीचे पाय बसायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा भेटायला या आठवड्यातच जा.